बाप्याची गर्भचाचणी

हल्ली रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी पेशंटला मिळतो. बहुधा शनिवारी रात्री, दवाखाना बंद झाल्यावर, व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येऊन पडते. एका रकान्यात आपला आकडा, दुसऱ्यात सामान्य मर्यादा आणि दोघांचं जमलं नाही की शेजारी ठळक ‘एच’. वृषणात गाठ असल्याची शंका आलेल्या तिशीतल्या पुरुषाच्या रिपोर्टात एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच अशी तीन नावं असतात. सोमवार उजाडायला अजून छत्तीस तास असतात. म्हणून तो ती नावं गुगलवर टाकतो.

पहिल्या दोन मिनिटांत त्याला कळतं, की बीटा-एचसीजी हे गरोदर बाईच्या शरीरात वाढणारं संप्रेरक आहे. पुढच्या दोन मिनिटांत कळतं, की एएफपी हे गर्भातल्या बाळाच्या यकृतात तयार होणारं प्रथिन आहे. थोडक्यात, एका ओळीप्रमाणे हा गृहस्थ गरोदर आहे आणि दुसऱ्या ओळीप्रमाणे तो स्वतःच अजून जन्मायचा आहे.

यात थट्टेइतकंच तथ्यही आहे. वृषणातले बहुतेक कर्करोग बीजपेशींपासून सुरू होतात. बिघडलेल्या या पेशी गर्भावस्थेतली जुनी कामं पुन्हा करू लागतात आणि त्यांतल्या काही ही द्रव्यं रक्तात सोडतात. औषधाच्या दुकानात मिळणारी गर्भचाचणीची पट्टी नेमकं एचसीजीच शोधते, मग नमुना कुणाचा का असेना. २०१२ साली एका तरुणाने मैत्रिणीची उरलेली पट्टी गंमत म्हणून वापरली, तर ती पॉझिटिव्ह आली. त्याच्या मित्रमंडळींतल्या कुणीतरी त्यावर व्यंगचित्र काढून ते इंटरनेटवर टाकलं. हसणाऱ्यांतल्या काहींनी त्याला तातडीने डॉक्टर गाठायला सांगितलं, आणि तपासणीत खरोखरच लहानशी गाठ निघाली. म्हणून कुणी उद्या पट्ट्या आणायला धावू नये. पुष्कळ गाठी एचसीजी सोडतच नाहीत, त्यामुळे पट्टी निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असं होत नाही.

उलटही खरं आहे. आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असंही नाही. यकृताला सूज असली तरी एएफपी वाढतं. एचसीजीच्या चाचणीला काही वेळा रक्तातली भलतीच प्रतिपिंडं फसवतात. एलडीएच तर सर्वांत बेभरवशाचं. ते स्नायूंत असतं, यकृतात असतं, तांबड्या पेशींतही असतं. आदल्या दिवशी जिममध्ये मर्दुमकी गाजवली तरी चढतं आणि रक्ताच्या नळीत पेशी फुटल्या तरी चढतं. शिवाय बहुतेक चाचण्यांची ‘सामान्य मर्यादा’ निरोगी माणसांपैकी ९५ टक्के त्यात बसतील अशी आखलेली असते. उरलेले पाच टक्के ठणठणीत असूनही शनिवारची रात्र गुगलबरोबर काढतात.

रविवारी ही बातमी घरात फुटते. आई लॅपटॉपला दोष देते: “मांडीवर घेऊन बसू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं!” काका खिशातल्या मोबाइलला देतात, मेहुणा घट्ट जीन्सला. वैद्यकशास्त्राची यादी याहून नीरस आहे. लहानपणी वृषण खाली न उतरणं, वडिलांना किंवा भावाला हा आजार असणं, किंवा दुसऱ्या बाजूला तो आधी होऊन गेलेला असणं. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत तर यांतलं एकही कारण सापडत नाही. वडील वर्तमानपत्रातून डोकं न काढता एवढंच म्हणतात, “ऑफिसात हर्निया सांग.” काकांचा आणखी एक आग्रह असतो, की आधी सुई घालून तुकडा तपासून घ्यावा. इथे मात्र काकांचं ऐकायचं नसतं. बाकी अवयवांची रीत वृषणाला सहसा लावत नाहीत, कारण अंडकोशातून सुई घातली तर रोगाला नवी वाट मिळण्याची भीती असते. संशय पक्का असेल तर जांघेतून छेद घेऊन वृषणच काढतात आणि मग तपासतात.

सोमवारी सोनोग्राफी. प्रतीक्षागृहात पाण्याच्या बाटल्या रिचवणाऱ्या गरोदर बायका आणि त्यांच्या सासवा बसलेल्या. काउंटरवरची मुलगी कागद बघते, त्यातलं एचसीजी बघते आणि विचारते, “पेशंट कुठे आहेत?” तो म्हणतो, “मीच.” समोर कायद्याने लावलेली पाटी: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. या बाबतीत महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला, देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. आपल्या गृहस्थाची लिंगाबद्दल काहीच तक्रार नसते, शंका शेजाऱ्याबद्दल असते. आत थंडगार जेल, काही मिनिटांची तपासणी आणि चेहऱ्यावरची रेषाही न हलवणारे डॉक्टर. त्या मख्ख चेहऱ्यावरून तो किमान चार निदानं करून बाहेर येतो.

सोनोग्राफीत गाठ दिसली तर डॉक्टर वेळ घालवत नाहीत. काहीच दिसलं नाही आणि आकडा जेमतेम वर असला, तर ते चाचणी पुन्हा करायला सांगतात. तोवर थांबायचं. रक्तातलं एएफपी निम्म्यावर यायला पाच ते सात दिवस लागतात, एचसीजीला एक-दोन दिवस पुरतात. त्यामुळे एकट्या आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने चाललाय, हे जास्त बोलकं असतं. हे डॉक्टरांना ठाऊक असतं. पेशंटला फक्त ‘थांबा’ ऐकू येतं.

थांबण्याचा विक्रम बहुधा अमेरिकी जलतरणपटू एरिक शँटोच्या नावावर असावा. २००८ मध्ये ऑलिंपिक निवड चाचणीच्या तोंडावर त्याला या कर्करोगाचं निदान झालं. तो निवडला गेला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया पुढे ढकलून बीजिंगला पोहला आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये स्वतःची तोवरची सर्वोत्तम वेळ नोंदवून परतला. हे कौतुक ऐकायला ठीक आहे. अनुकरणाला नाही.

हसायची मुभा मिळते ती इंडियानातल्या डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्यामुळे. पन्नास वर्षांपूर्वी हा आजार पसरला, की बहुतेक तरुण वर्षभरात जात. त्याआधी, १९६० च्या दशकात, बार्नेट रोझेनबर्ग हे संशोधक जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं, ते विजेने नव्हे तर प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगांनी. त्यांतूनच सिसप्लॅटिन हे औषध आलं. आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये ते आणखी दोन औषधांबरोबर दिलं आणि मरणपंथाला लागलेले रुग्ण बरे होऊ लागले. पुढे सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग त्यांच्याकडे गेला आणि आपला युवराज सिंगही. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषक आणि स्पर्धावीराचा किताब घेणाऱ्या युवराजच्या छातीत याच कुळातली गाठ होती. सप्टेंबर २०१२ मध्ये तो पुन्हा भारताकडून खेळला.

आज या कर्करोगाचे दहापैकी नऊहून अधिक रुग्ण बरे होतात, आणि वेळेत सापडला तर जवळजवळ सगळेच. भारतात तो दुर्मीळ आहे, वर्षाला लाखात एकाहूनही कमी. पण गाठतो तो ऐन विशी-तिशीत, आणि खोळंबा होतो तो बहुतेकदा लाजेपायी. तेव्हा आंघोळीच्या वेळी कडक, न दुखणारी गाठ हाताला लागली किंवा एक बाजू जड वाटली, तर त्याच आठवड्यात युरोलॉजिस्ट गाठा. ऑफिसात हर्निया सांगितलंत तरी चालेल. डॉक्टरांना मात्र सांगू नका.