वाळीत कसे पडावे : होतकरूंसाठी प्राथमिक मार्गदर्शन

हापूसचं कलम कसं बांधावं, मोहोरावर तुडतुडे आले तर काय फवारावं, नारळाला खत कधी घालावं, याची माहिती दापोलीच्या कृषी विद्यापीठात सहज मिळते. वाळीत कसं पडावं याबद्दल मात्र तिथे कुणी काही सांगत नाही. वास्तविक या विषयातले सर्वोच्च अधिकारी पुरुष याच दापोली तालुक्यातले. धोंडो केशव कर्वे. जन्म 18 एप्रिल 1858, आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीत. वाढले दापोलीजवळच्या मुरूडला. म्हणजे पीक आपल्याच मातीतलं, आणि लागवडीची माहिती नाही. ही उणीव भरून काढावी म्हणून हा प्रपंच.

प्रथम पात्रता. पुष्कळांचा समज असतो की वाळीत पडायला माणूस मुळात भांडखोर लागतो. तसं नाही. भांडखोर माणसाला गाव वाळीत टाकत नाही, घाबरतं. आपल्या कामाला लागतो तो भिडस्त, सरळ, वेळेवर हिशेब देणारा माणूस. कर्वे तसे होते. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांना अवघडायला होई. मात्र एक गुण हवाच, तो म्हणजे चालण्याची तयारी. सतरा वर्षांचे असताना परीक्षेला बसायचं म्हणून हे गृहस्थ सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्याला गेले, पावसाळ्यात, सह्याद्री ओलांडून, पायी. तिथल्या साहेबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि हा मुलगा सतराचा दिसतच नाही म्हणून परत लावलं. पुढे त्यांनी ती परीक्षा कोल्हापूरला दिली आणि उत्तीर्ण झाले. दिसण्यावरून निकाल लागण्याची सवय इतक्या लवकर झालेली बरी.

पात्रता असेल तर पुढची पायरी : सोपा मार्ग नीट पाहून घ्या. न पाहता सोडलात तर पुढे आयुष्यभर हळहळ राहील.

कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई 1891मध्ये वारल्या. पदरी एक मुलगा, रघुनाथ. वय तेहेतीस. त्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला लागलेले. टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यामुळे जी जागा मोकळी झाली, तिच्यावर गोखल्यांनी आपल्या या एल्फिन्स्टनमधल्या सोबत्याला बोलावलं होतं. अशा बिजवराला त्या काळी काय करायचं असे? काहीच नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलींचे बाप आपापल्या पत्रिका घेऊन येतच. होकार द्यायचा, मुंडावळ्या बांधायच्या. आई समाधानी, गाव समाधानी, भटजी समाधानी. मुलीला कुणी विचारत नसे, त्यामुळे तिच्या असमाधानाचा प्रश्नच येत नसे.

या मार्गावर मोठी माणसं गेलेली आहेत. न्यायमूर्ती रानडे पुनर्विवाहाच्या बाजूने उभे राहिलेले. 1873मध्ये त्यांची पहिली पत्नी गेली तेव्हा सगळ्या सुधारकांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. आणि वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. न्यायमूर्तींची टिंगल करण्याचा इथे हेतू नाही. त्या मुलीला त्यांनी शिकवलं, ती रमाबाई रानडे झाली, पुण्याच्या सेवासदनाचा कारभार तिने उभा केला. सोप्या मार्गाची खरी अडचण ही आहे. त्यातूनही कधीकधी चांगलं निघतं, आणि मग पुढची शंभर वर्षं प्रत्येक पळवाटेला तोच दाखला पुरतो.

आता कायद्याची बाजू. होतकरूंचा इथे हमखास गोंधळ उडतो. आपण बेकायदा काही केलं तरच वाळीत पडू, असं त्यांना वाटतं. चूक. विधवाविवाहाचा कायदा 1856चा, कर्व्यांच्या जन्माआधी दोन वर्षांचा. कर्वे बोहल्यावर उभे राहिले तेव्हा तो कायदा सदतीस वर्षांचा झाला होता. तेव्हा कायदा तुमच्या बाजूला असला म्हणून निराश होऊ नका.

जोडीदाराची निवड मात्र काळजीपूर्वक करा. तो तुमच्याहून धीट असला पाहिजे. गोदूबाई देवरुखच्या जोशांच्या. आठव्या वर्षी वैधव्य आलं. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडलं, तिथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी याच. भाऊ नरहरपंत हे कर्व्यांचे मित्र. 11 मार्च 1893 रोजी, म्हणजे सदन उघडल्याला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, पुण्यात लग्न झालं आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना बाया म्हणू लागले.

इथे मार्गदर्शकाला एक तळटीप मुख्य मजकुरात घालावीशी वाटते. धैर्याचा हिशेब मांडताना आपण कर्व्यांच्या खात्यावर भराभर रकमा लिहितो. कर्व्यांना नोकरी होती, पदवी होती, पुणं होतं. लग्न फसलं असतं तर ते गणिताचे प्राध्यापक राहिलेच असते. बायांना मागे फिरायला जागाच नव्हती. त्यांनी 'माझे पुराण' लिहिलं, ते 1944मध्ये आलं. ज्याला वाळीत पडायचंय त्याने कर्व्यांच्या 'आत्मवृत्ता'च्या आधी ते वाचावं. तवा कुणाच्या हाताला लागतो ते त्यात कळतं.

लग्न झालं. आता गावी जा. हा भाग टाळून चालणार नाही. पुण्यात राहून मुरूडला वाळीत पडणं म्हणजे घाटावर बसून पोहणं.

कर्वे नव्या पत्नीला घेऊन मुरूडला गेले. गाव बसलं आणि ठराव झाला. कर्वे ज्या बैठकीत असतील तिथे कुणी बसू नये. त्यांना घरच्यांनी घरात घेऊ नये. घेतलं तर त्या घरालाही तेच. ठरावाची कारागिरी पाहा. कर्व्यांना त्यात शिक्षा जवळजवळ नाहीच. ते आठ-पंधरा दिवसांनी पुण्याला परतणारच होते. शिक्षा आहे ती आईला, थोरल्या भावाला, बहिणीला. त्यांना त्याच पाखाडीवरून रोज जायचंय, त्याच विहिरीवर उभं राहायचंय, त्याच पंगतीत पान मांडून घ्यायचंय. गावकीला माणसाचं मर्म कुठे असतं ते अचूक ठाऊक असतं. ते कधीच त्या माणसात नसतं, त्याच्या घरच्या ओटीवर बसलेलं असतं.

म्हणून होतकरूने सर्वात आधी तयारी करायची ती या वाक्याची : 'तुझं ठीक आहे रे, पण म्हातारीचा विचार कर.' हे वाक्य बोलणाऱ्यांपैकी एकानेही त्याआधी म्हातारीचा कधी विचार केलेला नसतो. तिला पडशात काढा नेऊन दिलेला नसतो, की तिच्या गडग्याचा पडलेला दगड उचलून ठेवलेला नसतो. पण त्या दिवशी सगळं गाव तिच्या काळजीने व्याकूळ होतं. याला उत्तर नाही. उत्तर असल्याचा आव आणू नका. आईला त्रास होणारच, आणि तो तुमच्यामुळे झाला असं ती स्वतःसुद्धा एखाद्या संध्याकाळी म्हणेल. या मार्गदर्शिकेत याहून अवघड पायरी नाही, आणि ती कशी चढावी हे सांगणं आमच्या आवाक्याबाहेरचं आहे.

पद्धती आता सुधारल्या आहेत. महाराष्ट्राने 2016मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे आता कुणी कागदावर ठराव करत नाही. शिमग्यात पालखी तुमच्या अंगणाशी येते आणि भोयांना अचानक घाई होते. लग्नाची पत्रिका 'वाटेत गहाळ' होते. मुंबईकर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रूपमधून तुम्ही निघता, आणि विचारलं तर अॅडमिन सांगतो की नेटवर्कचा काहीतरी घोळ झाला असेल. पोलिसांकडे गेलात तर अख्खा गाव एकसुराने म्हणेल, 'छे छे, आमचं काय भांडण?' खरं तर त्यांचं भांडण नसतंच. भांडायला बोलावं लागतं.

परतीची सोय हवी असेल तर तीही शास्त्रात आहे. तिला प्रायश्चित्त म्हणतात. ऑक्टोबर 1890मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. मिशनऱ्यांचा चहा! काहींनी घेतला, काहींनी नुसता पुढ्यात ठेवून घेतला. गोपाळराव जोशी या अवलिया गृहस्थाने सगळ्यांची नावं छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. उपस्थितांत टिळक होते, आमच्या रत्नागिरीतच जन्मलेले. त्यांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी 1892मध्ये घेतलं, तेही मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून. ज्यांना इंग्रज सरकारशी लढायचं होतं आणि ज्यांना समाज बदलायचा होता, ते दोघेही एका कपापाशी वाकले. यावरून होतकरूने हा धडा घ्यावा की प्रायश्चित्त घेता येईल अशीच गोष्ट आधी करून पाहावी. चहा पोटातून निघून जातो. बायकोला परत विधवा करता येत नाही. कर्व्यांनी अशी गोष्ट निवडली की मागे फिरण्याचा मोहच पडू नये. गणिताच्या माणसांना हे बरोबर सुचतं.

'मनातून' पाठिंबा देणाऱ्यांची व्यवस्था कशी लावावी हे आता पाहू. हे लोक काळोख पडल्यावर येतात, सहसा मागच्या दाराने. आवाज खाली घेऊन म्हणतात, 'मी मनातून तुमच्याच बाजूचा हो. पण आमच्याकडे अजून दोन मुलींची लग्नं व्हायचीत.' त्यांच्यावर रागावू नका. त्यांना कोकम सरबत द्या आणि यादी करा. पंचवीस वर्षांनी हीच मंडळी तुमच्या सभेत पहिल्या रांगेत बसून 'आम्ही तेव्हापासून यांच्याबरोबर होतो' असं सांगणार आहेत. ते खोटं नसेल. फक्त सरबत पिताना कुणी पाहिलेलं नसेल. याच्या उलट उदाहरण रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचं. शिक्षण रत्नागिरीच्या शाळेत झालेलं. 1891मध्ये स्वतःच्या विधवा मुलीचं पुन्हा लग्न लावलं आणि पुढे कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमाचं अध्यक्षपद घेतलं. अशी माणसं पुढच्या दाराने येतात. त्यांच्यासाठी वेगळी यादी लागत नाही, ती लक्षात राहतात.

वाळीत पडल्यावर वेळ कसा घालवावा? पंगती नाहीत, मुंजी नाहीत, गावकीच्या सभा नाहीत. भरपूर वेळ मिळतो. बहुतेक लोक तो आपल्यावर झालेला अन्याय तिसऱ्या माणसाला सांगण्यात घालवतात. ही नासाडी आहे. कर्व्यांनी त्याच 1893 साली विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली, 1896मध्ये आश्रम काढला, तो शतक उलटताना हिंगण्याच्या माळावर नेला, आणि दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवून झालं की पुण्याहून हिंगण्यापर्यंत चालत जाऊ लागले. साताऱ्याचा सराव कामी आला. हातात वर्गणीची वही, प्रसंगी भाजीची पिशवी. वर्गणी मागायला ज्या दारात जावं तिथे आधी चार शब्द ऐकून घ्यायचे, मग रुपया घ्यायचा. शब्दांची पावती द्यावी लागत नाही, हा त्यातला फायदा. 1916मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केलं. तोवर मुरूडला ठराव करणारे कितीजण हयात होते कोण जाणे.

एक धोक्याची सूचना. ही बाधा आनुवंशिक असू शकते. मुलगा रघुनाथ तोही गणिताचाच प्राध्यापक झाला. 1921मध्ये त्याने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, त्या प्रचारापायी 1925मध्ये विल्सन महाविद्यालयातली नोकरी गेली, 1927मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. एका खटल्यात त्याच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. बापाला गावाने वाळीत टाकलं होतं. मुलाला वाळीत टाकण्याच्या कामात मात्र बापाला वाळीत टाकणाऱ्यांचे वंशज आणि बापाचा जयजयकार करणारे सुधारक यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. मासिक मात्र 1953पर्यंत, संपादकाच्या मृत्यूपर्यंत चाललं. तेव्हा घरात लहान मूल असेल तर गणिताच्या गृहपाठाकडे लक्ष ठेवा.

शेवटची पायरी सत्काराची. हिच्याबद्दल कुणीच सावध करत नाही. पुरेसं जगलात तर ती येतेच, आणि कर्वे एकशे चार वर्षं जगले. 1955मध्ये पद्मविभूषण, 1958मध्ये भारतरत्न, आणि शंभराव्या वाढदिवशी सरकारने त्यांचं तिकीट काढलं. हयातीतच टपालाच्या तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. ज्यांच्या आजोबांनी यांच्या शेजारी बसायला नकार दिला होता, त्यांना आता पत्र पाठवायचं तर यांच्याच पाठीला जीभ लावायची वेळ आली.

सत्काराला जाताना नेहमीचेच कपडे घाला. शाल घ्या, नारळ घ्या, हार लगेच काढून ठेवा. व्यासपीठावर कोणी म्हणालं की 'आमच्या गावाला यांचा पहिल्यापासून अभिमान होता', तर मान हलवा, इतिहास सांगत बसू नका. त्याऐवजी सभागृहात नजर फिरवा. मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला, एखादी मुलगी किंवा मुलगा एकटा बसलेला असेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या असतील. भाषणं संपायच्या आत चौकशी करा की त्याने काय केलंय. आणि सत्काराचा नारळ घरी न नेता त्याच्या आईकडे पोचवा, पुढच्या दाराने.