मी मेल केला होता

चाकणच्या एखाद्या वाहन कारखान्यात सोमवारी सुटे भाग पोहोचणार नाहीत, एवढंच कळवायचं आहे असं समजा. पुरवठादाराच्या ऑफिसातून मेल सुटतो. त्यात आधी आपल्या प्रकृतीची विचारपूस. मग 'आपणांस ज्ञात आहेच की' असं म्हणून आपल्याला ज्ञात असलेल्याच गोष्टी तीन परिच्छेद. चौथ्यात उभय कंपन्यांच्या दीर्घकालीन संबंधांचा गौरव. पाचव्यात 'काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव डिलिव्हरी शेड्यूलचे फेरनियोजन करण्यात येत आहे'. कोण करतंय, कधीचं कधीवर नेतंय, हे गुलदस्त्यात. शेवटी नावापेक्षा लांब हुद्दा आणि त्याखाली, झाडं वाचवण्यासाठी हा मेल छापू नका अशी विनंती. सोमवारी लाइन बंद पडते. साहेब तावातावाने फोन करतात, तेव्हा पलीकडून शांत उत्तर येतं, "सर, मी मेल केला होता."

त्याच दिवशी कोल्हापूरहून माल घेऊन निघालेला ट्रक ड्रायव्हर व्हॉट्सअ‍ॅप करतो: 'खंबाटकीत गाडी बंद. मेकॅनिक आलाय. रात्री नऊपर्यंत पोचतो.' काय बिघडलं, काय चाललंय, माल कधी मिळेल, सगळं आठ शब्दांत. या माणसाला कुणी पंचतारांकित हॉटेलात नेऊन 'इफेक्टिव्ह कम्युनिकेशन'चे धडे दिलेले नाहीत. दिले असते तर त्यानेही आधी घाटाच्या निसर्गसौंदर्याबद्दल कृतज्ञता व्यक्त केली असती.

ऑफिसातल्या माणसांना थोडक्यात लिहिता येत नाही, असं म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. येतं की! पण थोडक्यात लिहिलं की माणूस सापडतो. 'माल सोमवारी येणार नाही, ऑर्डर द्यायला मी विसरलो' हे लिहिणाऱ्याची नोकरी जाते. 'फेरनियोजन' लिहिणाऱ्याला बढती मिळते. मेल कळवण्यासाठी नसतोच मुळी. तो पुढच्या भांडणासाठी आजच करून ठेवलेला पंचनामा असतो, आणि सीसीतली सतरा नावं हे पंच. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की' ही वाट सरकारी खात्यांनी फार पूर्वीच घालून दिली. तिथेही कळवणारा कुठे दिसत नाही.

धंद्यातल्या माणसाचं लिहिणं आपल्याकडे पूर्वीपासून असं नव्हतं. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर काय झालं, हे उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना कळलं ते एका सावकारी पत्रातून, असं इतिहासकार सांगतात. दोन मोती गळाले, इतक्या मोहरा गेल्या, खुर्द्याची तर मोजदादच नाही. विश्वासराव, सदाशिवरावभाऊ, सरदार आणि हजारो बिननावाची माणसं एका ओळीत आली. मजकूर सांकेतिक होता, तरी पेशव्यांना त्याचा अर्थ उलगडायला मीटिंग घ्यावी लागली नाही. हीच बातमी आजच्या कॉर्पोरेट कम्युनिकेशन विभागाने दिली असती, तर 'उत्तर विभागातील मनुष्यबळाची पुनर्रचना पूर्ण झाली असून पुढील वाटचालीबद्दल आम्ही उत्साही आहोत' असं पुण्याला कळलं असतं. शनिवारवाड्यातून अभिनंदनाचे रिप्लाय ऑल गेले असते ते वेगळेच.

पुढे तारेनेही माणसांना चांगली शिस्त लावली होती. शब्दागणिक पैसे पडत, पत्त्याचे शब्दसुद्धा मोजले जात. म्हणून व्यापारी पेढ्या एका शब्दाचा तारेचा पत्ता नोंदवून ठेवत. आदराचेही पैसे पडू लागले की तो मनात ठेवायला जमतं. जुलै २०१३ मध्ये सरकारने तारसेवा बंद केली. मेलला शब्दाचा दरच नाही, तेव्हा आता लिहिणाऱ्याला आवर घालायचा कुणी?

आजही नेमकं लिहिता येतं, याचा पुरावा रोज आपल्या फोनवर येतो. खात्यातून पैसे वजा झाले की बँक रक्कम, तारीख आणि शिल्लक एका ओळीत सांगते. तेच पैसे चुकून वजा झाले म्हणून तक्रार करा. 'आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात' इथून सुरू झालेलं उत्तर शेवटपर्यंत पैशांपाशी पोहोचत नाही. ऑफिसातही तसंच. 'उद्यापासून नऊला हजर राहावे' हे चार शब्दांत येतं, पगारवाढ नाही हे सांगायला मात्र जागतिक अर्थव्यवस्थेचा आढावा लागतो. घ्यायचं असलं की भाषा नितळ, द्यायचं असलं की गढूळ.

आता एआयही मदतीला आलंय. 'सोमवारी माल नाही' एवढं टाकलं की यंत्र दीड पान करून देतं. पलीकडचे साहेब ते दीड पान दुसऱ्या यंत्रात टाकून म्हणतात, थोडक्यात सांग. त्यातून 'सोमवारी माल नाही' एवढं परत निघालं तर नशीब.

म्हणून एक सूचना. मेलला तारेसारखा दर लावावा: शब्दाला एक रुपया, लिहिणाऱ्याच्या पगारातून. 'आशा आहे की आपण कुशल असाल' याचे सहा रुपये. सीसीतल्या प्रत्येक नावाचे दहा. दुसऱ्या 'जेंटल रिमाइंडर'ला दुप्पट दर. पहिल्याच ओळीत काय, कधी आणि कुणी हे सांगणाऱ्याला मात्र मेल फुकट.

सूचना पटली तर नुसतं 'हो' एवढंच कळवा. आणि कृपा करून मला एकट्यालाच कळवा, रिप्लाय ऑल करू नका.