झिंगाट, अटी लागू

बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे दोन रस्ते तेलगावात एकमेकांना छेदतात. तिथल्या चहाच्या टपरीवर कानात इअरफोन खुपसून मोबाइलवर अंगठे बडवणारं एक पोरगं हमखास दिसतं. पोरीशी चॅटिंग चाललंय, असं आपल्याला वाटतं. कसलं चॅटिंग! ते 'झिंगाट'ला पॉवर देत असतं.

हा फॅनफिकवाला. दुसऱ्याच्या कथेतलं जग उचलायचं आणि त्यात आपला हिरो घुसवायचा, हा त्याचा धंदा. पैसा मात्र दमडीचा नाही. त्याचं दैवत हिरोहिको अराकी. या जपानी चित्रकथाकारानं 1987 साली 'जोजोज बिझार ॲडव्हेंचर' सुरू केली आणि पुढं पात्रांच्या अचाट शक्तींना विलायती बँडची, गाण्यांची नावं दिली. क्वीनच्या 'किलर क्वीन'वरून नाव घेतलेली शक्ती हात लावील त्या वस्तूचा बॉम्ब करते. चित्रकथेवरच्या ॲनिमेशन मालिकेच्या इंग्रजी सबटायटलात मात्र हक्कांची भानगड नको म्हणून तिची 'डेडली क्वीन' झाली. हे वाचल्यापासून आपल्या लेखकानंही खबरदारी घेतली. वकिलाची नोटीस तेलगावपर्यंत यायची शक्यता शून्य, तरी पहिल्या प्रकरणात 'धिंगाट' असंच लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, गाणं लागलं, हिरोला बळ आलं, व्हिलन आडवा. छे! एवढं सोपं असतं तर कथा संपली नसती का? खरी मजा नियमांत. सरकारी योजनेला नसतील इतक्या अटी. 'झिंगाट' वाजलं की ऐकणारा नाचणारच. पण गाणं संपेपर्यंतच. डीजेवाल्यानं मधेच गाणं बदललं तर पॉवर उलटते आणि हिरो नाचतो. रिमिक्सला ताकद दुप्पट, पण हिरोला दोन दिवस ऐकू येत नाही. 'कोंबडी पळाली'नं समोरचा पळत सुटतो, मात्र ज्याच्याकडून उधारी वसूल करायची असते तोही. वैशाली सामंतच्या 'ऐका दाजीबा'त तर जबरदस्त शक्ती: ऐकणाऱ्याला सांगितलेलं सगळं निमूट ऐकावं लागतं. फक्त ती दाजींवरच चालते, आणि हिरोला बहीणच नाही. बहीण आणायची तर मागची प्रकरणं दुरुस्त करावी लागतील, म्हणून काम अडलंय.

नियमांची वही भरली. कथा अजून धारूरच्या घाटात. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागलाय, त्यावरचा डेक दणाणतोय, आणि त्या आवाजानं हिरोची शक्ती जागी होणार आहे. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला तेव्हाही ट्रॅक्टर तिथंच होता, पट्टा पडला तेव्हाही तिथंच.

टपरीवरच्या एका रिटायर गुरुजींनी त्याला टोकलं. म्हणाले, "गाण्यातून शक्ती ही काय जपानची अक्कल? आमच्या तानसेनानं दीपक गाऊन दिवे लावले होते." अशा वेळी पोरं तोंड वाकडं करतात. यानं वही काढली. "सर, पण त्यात त्याच्याच अंगाचा दाह झाला, मग मल्हार गाऊन पाऊस पाडावा लागला म्हणत्यात. म्हंजी साइड इफेक्ट होता. लई बॅलन्स्ड पॉवर!" गुरुजींना आपली आख्यायिका पहिल्यांदाच कुणीतरी तपासून घेतल्यासारखं वाटलं. चहाचे पैसे त्यांनीच दिले.

घरी वेगळंच चाललेलं. ऊस वेळेत तुटला नाही, फडात तुरे डोलायला लागले, वजन घटायला लागलं. तोडीच्या चिठ्ठीसाठी वडील गटऑफिसच्या चकरा मारून आले, पुढं मुकादमाच्या हातापाया पडून झालं. टोळी काही येईना. रात्री अंगणात मोबाइलचा उजेड पाहून त्यांनी विचारलं, "काय करायलास रे?"

"पॉवर लिहायलोय, अण्णा. गाण्याच्या."

अण्णा खाटेवर टेकले. "मग असं एखांदं गाणं बघ की, लावलं की टोळी फडात."

पोरानं अंगठे थांबवले. नियमांची वही चाळली. बराच विचार करून म्हणाला, "न्हाई जमायचं, अण्णा. एवढी पॉवर दिली तर वाचणाऱ्याला खोटं वाटंल."