एक गाडी नाही, एक!

पनवेलच्या दर सोसायटीत आता निदान एक तरी असे काका सापडतात. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, मुलगा इंजिनीअरिंगला, गृहकर्ज फिटत आलेलं आणि डॉक्टरांनी "जरा चालत जा" म्हणून बजावलेलं. हे चालत न जाता सायकलवर गेले. इथवर कोणाची तक्रार नव्हती. आधी साधी गिअरची सायकल आली, मग पातळ टायरची शर्यतीची आली. मग एका सकाळी कळंबोली सर्कलला एक कंटेनर कोपराला वारा घालून गेला आणि त्या दिवसापासून काकांनी डांबराशी संबंध तोडला.

त्यांचंही बरोबरच आहे. पनवेल म्हणजे सगळ्या महामार्गांची मोट. पुण्याचा द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो, पण त्यावर सायकलला मज्जाव. जुन्या पुणे रस्त्याला ट्रेलरची रांग. पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता फुटतो. गणपतीत तिथे अख्खी मुंबई असते आणि एरवी जेएनपीटीचे कंटेनर. या सगळ्यातून मान वर करून पूर्वेला पाहिलं की प्रबळगड, त्याला चिकटलेला कलावंतिणीचा सुळका आणि मागे माथेरानची लांबलचक सपाट कड. काका सकाळचा चहा बाल्कनीत घेतात आणि त्या कडेकडे बोट दाखवून म्हणतात, "तिथे वर, एक गाडी नाही. एक!"

हे दुसरं 'एक' म्हणताना तर्जनी उभी राहते. ती दिसली की आमच्या मजल्यावरची मंडळी चपला शोधू लागतात.

ज्यांच्या घरात ही बाधा अजून शिरलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्रॅव्हल बाइक दिसायला शर्यतीच्या सायकलसारखीच, हँडलची शिंगं खाली वळलेली. पण टायर चाळीसेक मिलिमीटर रुंद, आत ट्यूब नाही, ट्यूबऐवजी एक पांढरं दुधाळ औषध. काटा घुसला की हे औषध भोकात जाऊन घट्ट होतं आणि पंक्चर आपोआप बुजतं, निदान काकांच्या सांगण्यात तरी बुजतं. हवा कमी ठेवायची, मुरूम, खडी, लाल माती, काहीही असो, चालवत सुटायचं. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या गावी २००६ पासून अशा कच्च्या रस्त्यांवर २०० मैलांची शर्यत भरते आणि २०२२ पासून या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होते, ही माहिती आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला आहे. पाण्याच्या टाकीच्या विषयात ती कशी आली, हे इतिवृत्तात नोंदलेलं नाही.

सायकलच्या किमती तीन आहेत. एक दुकानदाराला माहीत, एक मित्रांना सांगितलेली आणि एक काकूंना सांगितलेली. काकूंना मात्र सगळं माहीत असतं. बाथरूममध्ये सायकल धुतल्यावर उरलेला गाळ बघून त्या आता भूगर्भशास्त्रात तयार झाल्या आहेत. करडी पूड असली तर खाणीचा रस्ता, काळी चिकट माती असली तर नेऱ्याकडचं भाताचं शेत, तांबडी असली तर डोंगर. "काल तुम्ही ऑफिसच्या कामाने पेणला गेला होतात ना? मग ही तांबडी कुठली?" यावर काका टायर अंगठ्याने दाबून बघतात. कुठल्याही अडचणीच्या प्रश्नाला ते टायर दाबतात.

शनिवारी रात्री दिवाणखान्यात मांडामांड सुरू होते. खजूर, चिक्की, मीठ-साखरेचं पाणी, पंप, सुटी कडी, छोटी सुरी. साखळी घासायला घरातले सगळे जुने टूथब्रश जप्त होतात. मुलाने एकदा नवा ब्रश जुना होण्याआधीच गमावला. मग पहाटे चारला लिफ्ट. सायकल लिफ्टमध्ये आडवी मावत नाही, म्हणून ती मागच्या चाकावर उभी करून काका तिला मिठी मारून खाली येतात. वॉचमन झोपेतून उठून दोघांना सलाम करतो.

काकांची मोठी शोकांतिका अशी, की कच्चा रस्ता या भागात टिकत नाही. १८५२ साली नगरपालिका झालेलं हे गाव. तेव्हापासून इथला माणूस पक्का रस्ता मागत आला. आजूबाजूच्या पाड्यांवर तर रस्त्यासाठी एका पिढीने अर्ज लिहिले, दुसरीने मोर्चे काढले. आणि त्या रस्त्यावर एकदाचं डांबर पडलं की पंचक्रोशीत एकच माणूस दुःखी होतो. "गेला," काका फोनवर सांगतात, "तोही गेला." ऐकणाऱ्याला वाटतं कोणीतरी वारलं. उरलेल्या पायवाटांवर फार्महाऊसवाले तारेचं कुंपण घालतात. मागच्या पावसाळ्यात सापडलेली झकास पांद या पावसाळ्यात 'खासगी मालमत्ता' झालेली असते, आतून कुत्रं भुंकतं.

खालच्या मजल्यावरच्या जोशीबुवांनी यावर एकदा उपाय सुचवला. "एवढी खडी हवी तर लांब कशाला जाता? २०११ पासून गोवा हायवेचं रुंदीकरण चाललंय, वर्षानुवर्षं खडीच खडी!" सगळे हसले. काका हसले नाहीत. गंभीरपणे विचार करून म्हणाले, "सरफेस चांगला आहे. पण ट्रॅफिक फार."

याच वेडापायी त्यांच्यावर मालडुंग्याच्या पलीकडे एका वाडीत प्रसंग गुदरला. काकांना रस्त्याचे फोटो काढायची सवय आहे. माणसांचे नव्हे, देखाव्याचे नव्हे, रस्त्याचे. उकिडवं बसून खडीचे. डोक्याला हेल्मेट, अंगात भडक पिवळं जाकीट, हँडलवर नकाशाचं यंत्र. वाडीतली मंडळी जमली. एका आजोबांनी खाट टाकली, चहा आला, काळा आणि गोड. मग हळूच प्रश्न आला, "सायेब, मोजणी झाली का? काम कधी सुरू?" ग्रामसडक योजनेचे साहेब समजून सगळ्या वाडीने त्यांना रस्ता दाखवला: पावसात कुठे पाणी साचतं, बाळंतिणीला झोळीत घालून कुठून न्यावं लागतं, शाळेतली पोरं कुठे घसरतात. ज्या उतारावर काका दर रविवारी "आहाहा" म्हणत, तोच तो उतार.

काका काय बोलणार? आपण हौसेने इथे येतो, असं त्या खाटेवर बसून सांगायची त्यांची छाती झाली नाही. घरी येऊन त्यांनी त्याच फोटोंना अर्ज जोडला, नीट टंकून, आकडेवारीसकट, आणि पंचायत समितीला दिला. आपल्या लाडक्या रस्त्याला डांबर लागावं म्हणून अर्ज करणारा ग्रॅव्हलवाला मी तरी दुसरा पाहिलेला नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं.

प्रबळमाचीची मोहीमही ऐकण्यासारखी आहे. ठाकूरवाडीपासून माचीपर्यंतची वाट चढाची आणि दगडांची. सायकल चालवायची गोष्टच नाही. पण माचीवर सपाटी आहे आणि गाड्या नाहीत, एवढं काकांना पुरे. सायकल खांद्यावर घेऊन ते निघाले. अर्ध्या वाटेत वरून एक ठाकर पोरगा अनवाणी उड्या मारत आला, थांबला, सायकलीकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि मनापासून विचारलं, "काका, बिघडली का? वर दुरुस्तीचं दुकान नाय." काका वर पोचले, माचीवर थोडंसं चालवून आले आणि तेवढंच अंतर पुन्हा खांद्यावरून खाली. घरी हिशेब सांगितला, "ट्रॅफिक शून्य!" सायकलही जवळजवळ शून्यच चालली, ही गोष्ट यंत्रातल्या नकाशावर दिसत नाही.

पण खरी जखम माथेरानची. आठशे मीटर उंचीवरचं पठार, झाडांच्या सावलीतून वळणारे तांबड्या मातीचे रस्ते. १८५० मध्ये ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टराने ते साहेबांच्या नजरेत आणलं, १९०७ मध्ये आगगाडी वर पोचली आणि २००३ मध्ये तो सगळा भाग सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे पायी, घोडा, आणि आता थोड्या ई-रिक्षा. ग्रॅव्हल बाइकसाठी देवाने याहून चांगली जागा केलेली नाही. फक्त एक अडचण आहे: दस्तुरीच्या पुढे सायकललाही बंदी.

हे काकांना दस्तुरीला पोचल्यावर कळलं. नेरळहून घाट चढून, घामाने निथळत ते नाक्यावर आले. तिथल्या माणसाने शांतपणे सायकल अडवली. काकांनी युक्तिवाद केला: इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही, लीद नाही. शेवटच्या मुद्द्यावर शेजारच्या घोडेवाल्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की वाद तिथेच मिटला. काका उतरले. पण नियमाला त्यांनी आजवर वाईट म्हटलेलं नाही. "आज सायकल सोडली की उद्या स्कूटर मागे लागेल," असं ते स्वतःच समजावतात आणि मग उगीच टायर दाबतात.

तेव्हापासून ते नेरे, वाजे, मालडुंगे करत धोदाणीपर्यंत जातात आणि तिथून वर बघत बसतात. धोदाणीतून माथेरानच्या सनसेट पॉइंटला पायवाट चढते. खालच्या वाड्यांतली माणसं दूध, भाजी घेऊन ती रोज चढतात. अशाच एका दूधवाल्याशी काकांची दोस्ती आहे. तो कॅन उचलताना चिडवतो, "चला, वर माझं दूध घेतात, तुमची सायकल नाय घेत."

पठाराची भूक मग दूर जाऊन भागवावी लागते. मागच्या हिवाळ्यात काका गाडीच्या टपावर सायकल बांधून पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेले. शिवाजी महाराज १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले तो रस्ता याच बाजूने जातो. जांभ्याचं मोकळं माळरान, वाळलेलं गवत, चरणाऱ्या म्हशी. काकांनी दोन तास सायकल चालवली. जायला सबंध दिवस आणि यायला सबंध दिवस गाडी चालवली. त्यात खंबाटकी घाटात अडकले आणि पुण्याबाहेर पडताना पुन्हा अडकले. ट्रॅफिक नसलेल्या जागेसाठी त्यांनी जेवढं ट्रॅफिक वाढवलं, तेवढं पनवेलमध्ये राहून महिन्यात झालं नसतं. मी हे बोलून दाखवलं. "पण वर, एक गाडी नाही," ते म्हणाले. क्षणभर थांबले. "माझीच होती."

इतकं सगळं असूनही रविवार संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरांची रांग लागते. कोणाची साखळी उतरलेली, कोणाचा ब्रेक घासतोय, कोणाचं सीट वर करायचंय. काका पाट टाकून बसतात आणि एकेक सायकल उलटी करून बघतात. मालडुंग्याच्या वाटेवर तर शाळेत जाणाऱ्या पोरी त्यांना 'चेनवाले काका' म्हणूनच ओळखतात. पैसे विचारले की तर्जनी उभी राहते. तेवढी एकच वेळ आम्ही चपला शोधत नाही.

तेव्हा रविवारी पहाटे नेऱ्याच्या रस्त्याने फार्महाऊसला जात असाल आणि पुढे लाल दिवा लुकलुकताना दिसला, तर हॉर्न वाजवू नका. पुढच्या फाट्याला ते कच्च्यात वळणारच आहेत.