गॅस संपलाय, साहेब!

दापोडीत रिक्षा चालवायची तर परवाना हवा, बॅज हवा. घराचं वायरिंग करायचं तर परवानाधारक विद्युत ठेकेदार हवा. एसी दुरुस्त करायचा तर? पाना हवा आणि मोबाइलला रेंज. आयटीआयत २ वर्षांचा रेफ्रिजरेशनचा कोर्स आहे, पण प्रमाणपत्र मागतो कोण? मार्च उजाडला की हॅरिस पुलाच्या अल्याडपल्याड तज्ज्ञ उगवतात. गेज लावण्याआधीच निदान: ‘गॅस संपलाय, साहेब.’ गळती शोधत नाहीत. ती बुजली तर पुढच्या उन्हाळ्यात खायचं काय? काही एसींतला आर-२९० म्हणजे निव्वळ प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. बाहेर चोरून सिलिंडर भरला की धाड येते. बेडरूममध्ये भरला की साधी पावतीही येत नाही, वर चहा पाजावा लागतो.