फाईल गेली की!

बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात कुणाचं कॉम्प्युटरचं काम अडलं की भाऊंना हाक जाते. भाऊंचं दुकान मूळचं झेरॉक्सचं. पाटीवर झेरॉक्सखाली लॅमिनेशन आलं, त्याखाली पॅन कार्ड आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून बारीक अक्षरात, 'वेबसाइट बनवून मिळेल'. माणूस कामाचा, उधारीला मऊ, रात्री-अपरात्री फोन उचलणारा. खोड एकच: मशीन काय सांगतंय तेवढं सोडून जगातलं बाकी सगळं ऐकून घेतात. पडद्यावर चूक स्वच्छ लिहून आलेली असते. भाऊ आधी 'ओके' दाबून ती खिडकी घालवतात आणि मग विचारतात, "हां, नेमकं झालं काय?"

असे भाऊ गावोगाव आहेत. आमचे केळीपायी गाजले. एका आडत्याने वेबसाइट काढली आणि तीवर केळीचे रोजचे भाव चढवायचं काम भाऊंकडे आलं. भाऊंनी बॅच फाईल लिहिली. रात्री मशीनने आपोआप जागं व्हायचं, भावांची फाईल एफटीपीने सर्व्हरवर ढकलायची आणि पुन्हा झोपायचं. सकाळी आडत्याचा फोन.

"भाऊ, भाव कुठाय?"

"फाईल गेली की! नाव दिसतंय ना?"

"नाव दिसतंय. भाव दिसत नाही."

फाईल शून्य बाइटची होती. एफटीपीचा कारभार दोन जोडण्यांवर चालतो. २१ नंबरच्या पोर्टवर नुसतं बोलणं होतं: कोण, पासवर्ड काय, फाईल कुठे ठेवू. माल दुसऱ्या जोडणीवरून जातो, आणि अ‍ॅक्टिव्ह नावाच्या जुन्या पद्धतीत ती जोडणी सर्व्हर उलट आपल्याकडे करतो. आपण बसलेलो राऊटरच्या आड, १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर, जो दुकानाबाहेर कुणाला सापडत नाही. त्यामुळे लॉगिन झकास होतं, फाईलचं नाव लागतं आणि माल अडतो. सर्व्हर बिचारा '४२५' म्हणून कळवतोही की मालाची जोडणी उघडत नाही.

ते कोण वाचणार? भाऊंनी पासवर्ड बदलला, लॉगिन होत असूनही. अँटिव्हायरस काढला, केबल बदलली, मशीनचं तोंड खिडकीकडे केलं. मग फाईलझिला नावाचा प्रोग्राम उघडून तीच फाईल हाताने टाकली, तर सरळ गेली. शहाण्याने इथे कान टवकारले असते. भाऊंनी निष्कर्ष काढला की स्क्रिप्टला रात्र मानवत नाही, आणि वेळ सकाळची केली. सकाळीही गेली नाही तेव्हा त्यांनी होस्टिंगच बदललं. आडत्याच्या पैशाने.

आमच्या गावाला हे शोभत नाही. १६१५ च्या सुमारास इथे अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने शहरात येतं, आणि बोगद्यावर ओळीने शंभरावर कुंड्या आहेत. पाणी अडलं तर एकेका कुंडीत डोकावत जायचं. कुठवर येतं ते दिसतं. भाऊ मात्र थेट सातपुडाच बदलायला निघतात.

नवा सर्व्हर जास्त कडक निघाला. त्याने मजकूर दिला: '५०० इल्लीगल पोर्ट कमांड'. भाऊंनी आयुष्यात वाचलेला हा पहिला संदेश, आणि त्यातला वाचला एकच शब्द. दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. ओळखीच्या वकिलाकडे जाऊन त्यांनी हळू आवाजात विचारलं, केळीचे भाव इंटरनेटवर टाकायला लायसन लागतं का. वकील म्हणाले, कागद बघावे लागतील. इकडे पडद्यावर खालच्याच ओळीत सर्व्हरने औषध लिहून ठेवलं होतं: आधी पोर्ट किंवा पासिव्ह वापरा.

तसा दोष एफटीपीचाही नाही. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ चा, लिहिणारे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे अभय भूषण. त्या काळी मोजकी मशीनं होती, सगळ्यांना एकमेकांचे पत्ते थेट ठाऊक. सर्व्हरने उलट फेरी मारली तरी घर सापडायचं. पत्ते लपवणारी राऊटरची युक्ती १९९४ मध्ये आली, आणि तिच्या मूळ कागदाचा क्रमांक आरएफसी १६३१. मुमताज महल बुऱ्हाणपुरात वारली ते सालही १६३१. हे कृपा करून भाऊंना कुणी सांगू नये.

शेवटी जळगावला शिकणारी भाची सुट्टीत आली. "मामा, ती खिडकी बंद करू नका," एवढंच म्हणाली आणि दोन्ही ओळी वाचल्या. विंडोजच्या जुन्या एफटीपी कमांडला पासिव्ह पद्धत येतच नाही. पासिव्हमध्ये दोन्ही जोडण्या आपल्याकडूनच निघतात, आणि फाईलझिला मुळातच तसं जातं. विंडोज १० मध्ये २०१८ पासून कर्ल नावाची कमांड आयती मिळते, तीही पासिव्हनेच जाते. तिने बॅच फाईलमध्ये जुन्या कमांडच्या जागी कर्लची एक ओळ घातली. '२२६' आला, म्हणजे माल पोचला. जाता जाता तिने सांगितलं की एफटीपीत पासवर्ड वाटेत उघडा जातो, होस्टिंगवाले देत असतील तर एसएफटीपी घ्या. मामांनी मान डोलावली, म्हणजे ऐकलं नाही.

भाऊंनी त्या संध्याकाळी गल्लीत मावा जलेबी वाटली. "पासिव्ह करून टाकलं," प्रत्येकाला सांगत होते, "मला पहिल्यापासून शंका होतीच." केबल, खिडकीकडे केलेलं तोंड, सकाळची वेळ, सगळं तसंच ठेवलंय. कशाने चाललं ते काय सांगावं!

परवा पुन्हा फोन आला.

"भाऊ, भाव दिसले. पण कालचे आहेत."

आडत्याच्या मुनिमाने एक्सेल भरायचं राहून गेलं होतं. भाऊंनी फोन कानाला तसाच धरून पोऱ्याला खूण केली, "स्टूल आण रे, राऊटर उतरवायचाय."