पहिला खेळ पाड्यावर

29 सप्टेंबर 2010. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार कार्ड रंजना सोनावणे यांना मिळालं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी हजर होते आणि देशभरातले कॅमेरे या छोट्या गावावर रोखलेले होते. पुढेही पत्रकार येत राहिले, कार्ड हातात धरलेला तोच फोटो काढत राहिले. रंजनाताईंची मजुरी काही सुटली नाही.

नंदुरबारच्या बाईची आणि कॅमेऱ्याची ओळख ही अशी. तो येतो, हवं ते घेतो आणि घाट उतरून जातो.

बाईच्या जगण्यावर दहा-पंधरा मिनिटांचा माहितीपट करणं आता सोपं झालंय. मोबाइलवर चित्रण होतं, मोबाइलवरच संकलन होतं. चांगलं आहे, अशा फिल्म्स व्हायलाच हव्यात. पण सातपुड्यात काय टिपलं जातं ते पाहा. मार्चमध्ये होळी, पावसाळ्यात झोळी. काठी गावच्या राजवाडी होळीत नाचणारे बुध्ये, त्यांच्या कमरेचे घुंगरू, बायकांच्या अंगावरची चांदी. आणि पाऊस लागला की बांबूच्या झोळीतून दवाखान्यात निघालेली गरोदर बाई. दोन्ही दृश्यं खरी आहेत. मधलं वर्ष मात्र गायब.

त्या मधल्या वर्षात नंदुरबारच्या मिरची पथारींवर बायका उन्हात बसून मिरची निवडतात, देठ खुडतात, हातांची आग सोसतात. धडगावकडच्या बायका कैऱ्या सोलतात, चिरतात, वाळवून आमचूर करतात आणि भाव व्यापारी ठरवतो. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिथे बाई फडात नवऱ्याच्या बरोबरीने राबते आणि झोपडीत परतल्यावर चूल तिचीच, पोरंही तिचीच. यात थरार नाही म्हणून फिल्मवाले पुढे सरकतात. जिल्ह्यातल्या बाईचं आयुष्य तर इथेच खर्च होतं.

दुसरा आक्षेप त्याहून मोठा. 2020 च्या टाळेबंदीत अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत नर्मदाकाठच्या पाड्यांवरच्या गरोदर बायांपर्यंत आणि बाळांपर्यंत पोचल्या. देशभर त्यांचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण त्या चित्रफितींमध्ये वल्ही दिसली, पाण्याचा इतिहास दिसला नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्याने महाराष्ट्रातल्या 33 गावांना फटका बसला, ती गावं अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्या पाण्यामुळे काठावरचा पाडा होडीवर अवलंबून राहिला. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी 1995 च्या ‘अ नर्मदा डायरी’त हेच पाणी चढण्याआधी आणि चढताना दाखवलं होतं. तिथे बाया धरणाबद्दल स्वतः बोलतात, सरकारला प्रश्न विचारतात. बाईचं धैर्य दाखवायचं आणि तिच्यावर ती वेळ कुणी आणली हे गाळायचं, अशी फिल्म अर्धीच असते.

पुरी फिल्म कशी करतात याचा धडा मराठीत चाळीस वर्षांपूर्वीच दिला गेलाय. 1980 मध्ये दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी ‘युगांतर’ हा गट काढला. 1981 ची ‘मोलकरीण’ पुण्यातल्या घरकामगार बायकांच्या संघटनेवर, तर 1982 ची ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांच्या लढ्यावर. दोन्ही साधारण 25 मिनिटांच्या. काय दाखवायचं हे त्या बायकांबरोबर बसून ठरलं, घडलेले प्रसंग त्यांनी स्वतः उभे केले आणि तयार फिल्म वस्त्यांत, संघटनांच्या बैठकांत फिरली. एका ठिकाणच्या कामगार बाईचा लढा दुसऱ्या ठिकाणच्या बाईने पडद्यावर पाहिला. तेव्हा हाताशी सोळा मिलिमीटरचा कॅमेरा आणि जड प्रोजेक्टर होता. आज सगळं खिशात मावतं, तरी फिल्म पाड्यावर परतत नाही.

म्हणून अशा फिल्मला पैसा देणाऱ्यांनी, मग ते सरकार असो, कंपनी असो की संस्था, चार अटी घालाव्यात. पहिला खेळ त्या बाईच्या पाड्यावर, तिच्या शेजारणींसमोर. तिचा आवाज पावरीत असो, भिलोरीत असो की मावचीत, तो ऐकू आला पाहिजे. वर निवेदकाची हिंदी चढवायची नाही. चित्रणात तिचा दिवस गेला तर त्या दिवसाचा रोज तिला मिळाला पाहिजे. आणि संमतीचा अंगठा घेण्याआधी ही फिल्म कुठे-कुठे दिसेल ते तिच्या बोलीत सांगितलं पाहिजे. डाकीण ठरवून छळलेल्या बाईचा चेहरा यूट्यूबवर गेला, तर तिला पुन्हा त्याच गावात राहायचं असतं.

शेवटचं सांगणं जिल्ह्यातल्या आश्रमशाळांना आणि कॉलेजांना. सत्तरच्या दशकात, शहादा धुळे जिल्ह्यात होता तेव्हा, श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायकांनी गुत्त्यांवर चाल करून दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना गावासमोर जाब विचारला. त्या वेळच्या तरुण बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या नातींच्या हातात मोबाइल आहे आणि आजीची बोली त्यांना येते. या वर्षी प्रत्येक मुलीला एकच काम द्या: आजीला समोर बसवून तिचं बोलणं टिपायचं. पुढच्या वर्षी त्यातल्या काही आज्या नसतील.